अशोकाच्या स्तंभलेखातील पाखरे आणि वासेट्ठसुत्तातील 'जाति'

सम्राट अशोकाच्या अभिलेखांचे वाचन आपल्याकडे बहुधा कलिंगयुद्धाच्या पश्चात्तापापासून सुरू होते आणि इतर पंथांविषयीच्या आदरभावापाशी थांबते. पाचव्या स्तंभलेखाकडे त्या मानाने फारच थोडे लक्ष गेले आहे. त्याचे कारणही उघड आहे. त्या लेखाचा मोठा भाग म्हणजे केवळ नावांची एक यादी आहे : पोपट, साळुंकी, वटवाघूळ, कासव, मासा, मुंगी. विद्यार्थिदशेत आम्हीही ही यादी परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरलो. पुढे सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्त शिकविण्याचा प्रसंग आला, तेव्हा तेथेही गवत, किडे, पतंग, मुंग्या, साप, मासे व पाखरे यांची अशीच एक ओळ लागलेली दिसली. एका ठिकाणी ती राजाज्ञा आहे, दुसऱ्या ठिकाणी तो युक्तिवाद आहे. मात्र दोहोंच्या मुळाशी एकच सवय आहे. सजीव सृष्टीकडे डोळे उघडे ठेवून पाहावे, आणि जे वेगळे दिसते त्याला वेगळे नाव द्यावे, ही ती सवय होय. या सवयीचा जातिभेदाच्या खंडनाशी जवळचा संबंध आहे असे आमचे मत असून प्रस्तुत लेखात तेच मांडावयाचे आहे.

प्रथम अशोकाच्या लेखाकडे वळू. राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यानंतर, म्हणजे इ. स. पू. २४३ च्या सुमारास, ही आज्ञा निघाली. दिल्ली-टोपरा, दिल्ली-मेरठ, अलाहाबाद-कोसम, लौरिया-अरराज, लौरिया-नंदनगढ आणि रामपुरवा या स्तंभांवर स्तंभलेखांचा हा संच कोरलेला आहे. त्यांपैकी टोपऱ्याचा स्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने दिल्लीस आणविला. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले तेव्हा ज्या लेखांनी प्रथम तोंड उघडले त्यांत हे स्तंभलेख होते.

यादीची सुरुवात 'सुके' व 'सालिका' यांनी होते. हे पोपट आणि साळुंकी होत. त्यानंतर 'अलुने' हा कोणी तांबूस पक्षी, मग 'चकवाके' आणि 'हंसे'. चकवाक म्हणजे चक्रवाक. हिवाळ्यात तो उत्तरेकडून येतो आणि आपल्याकडे जायकवाडीच्या जलाशयावरही दिसतो. इंग्रज शिकाऱ्यांनी या बिचाऱ्याला त्याच्या भगव्या रंगामुळे 'ब्राह्मणी बदक' करून टाकले. पाखरालाही वर्ण चिकटविल्याखेरीज चैन पडू नये, ही आपल्या देशाची हवाच म्हणावयाची! 'नंदीमुखे' हा एक जलचर पक्षी असून 'जतूका' म्हणजे वटवाघूळ. पुढे 'अंबाकपीलिका' येते. पालीत मुंगीला 'किपिल्लिका' वा 'पिपीलिका' म्हणतात, तेव्हा ही मुंगीच, याविषयी शंका नाही. मात्र कोणती मुंगी, याबाबत दोन मते आहेत. काही अभ्यासक पहिल्या पदाचा अर्थ 'माता' असा घेऊन ही मुंग्यांची राणी मानतात, तर काही तिला आंब्याच्या झाडावरील मुंगी समजतात. पाने एकमेकांस जोडून आंब्यावर घर करणारी लाल मुंगी कोकणातल्या वाचकांना चांगलीच परिचयाची आहे, आणि तिचा चावाही. अर्थ कोणताही घेतला तरी एका साम्राज्याच्या आज्ञापत्रात मुंगीचे नाव यावे, आणि तेही 'मुंगी' असे ढोबळ न येता मुंग्यांपैकी एक असे नेमके यावे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

नंतर पाण्यातले जीव येतात : 'दुडि' हे कासव, 'अनठिकमछे' म्हणजे अस्थिहीन मासा, 'संकुजमछे' हा आणखी एक मासा, आणि 'गंगापुपुटके'. हा शेवटचा प्राणी म्हणजे गंगेतील डॉल्फिन असे काहींनी मानले आहे, तर इतरांच्या मते तो माशाचाच प्रकार. 'कफटसयके' या जोडनावात कमठ आणि साळिंदर आहेत. 'पलसते' म्हणजे गेंडा. शेवटी दोन कपोत आहेत, 'सेतकपोते' व 'गामकपोते', म्हणजे पांढरे कबूतर आणि गावातले कबूतर. 'गेलाटे' या नावाचा मात्र अद्याप निर्णय लागलेला नाही.

यादीतील 'ओकपिंडे' या शब्दाची कथा पालीच्या अभ्यासकाला विशेष आनंद देणारी आहे. जॉर्ज ब्यूलर यांनी त्याचा संबंध विनयपिटकातील 'उक्कपिंडक' या शब्दाशी जोडला. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात राजगृहातील दुष्काळाचा प्रसंग आहे. भिक्षूंनी अन्न विहाराबाहेर ठेवले असता ते उक्कपिंडक खाऊन टाकीत आणि चोर पळवीत. त्यावर भगवंतांनी त्या प्राण्यांचा बंदोबस्त करण्यास सांगितले नाही, तर अन्न आत ठेवण्याची अनुमती दिली. हे उक्कपिंडक कोण? आचार्य बुद्धघोषांच्या अट्ठकथेत त्यांची नावे आहेत : मांजर, उंदीर, घोरपड आणि 'मुंगुस'. हा शेवटचा शब्द आपण आजही जसाच्या तसा वापरतो. संस्कृत कोशांत 'नकुल' बसला, पण मराठी माणसाच्या तोंडी पालीतले मुंगूसच राहिले. अशोकाच्या यादीतील बहुतेक नावे याच जातीची आहेत. ती पंडितांच्या कोशातून न येता शेतावर, नदीकाठी व रानात वावरणाऱ्या लोकांच्या बोलीतून आलेली आहेत. म्हणूनच काही नावांचा अर्थ आज लागत नाही. ज्यांना तो ठाऊक होता त्यांना लिहिण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यांना तो अधिकार होता त्यांनी ही नावे नोंदवून ठेवण्याची तसदी घेतली नाही.

यादी संपल्यावर लेख म्हणतो की जे चतुष्पाद उपयोगात येत नाहीत व खाल्लेही जात नाहीत, ते सर्व अवध्य आहेत. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी व डुकरीण, तसेच सहा महिन्यांच्या आतील पिले मारू नयेत. ज्या कोंड्यात जीव आहेत तो कोंडा जाळू नये. निष्कारण किंवा हिंसेसाठी वने पेटवू नयेत. एका जीवावर दुसरा जीव पोसू नये. ठरावीक पौर्णिमांना व उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत आणि विकूही नयेत. कोंड्यात किडे असतात हे ज्याने धान्य पाखडले आहे त्यालाच माहीत. राजवाड्यातून ते दिसत नाही.

'जे उपयोगात येत नाहीत व खाल्ले जात नाहीत' या पदाचे महत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हेरले होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा स्तंभलेख तपासला आहे. अशोकाने गोहत्या बंद केली नव्हती, असे व्हिन्सेंट स्मिथ यांचे मत होते. सर्व चतुष्पाद अवध्य ठरविले गेल्यामुळे गायही त्यात आली, असे राधाकुमुद मुखर्जी यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी मूळ वाक्याकडे बोट दाखविले. आज्ञा सर्व चतुष्पादांना लागू नसून उपयोगात न येणाऱ्या व न खाल्ल्या जाणाऱ्या चतुष्पादांना लागू आहे, आणि गाय तशी आहे असे म्हणता येत नाही. अशोकाला गाईविषयी काही खास कर्तव्य नव्हते. माणसासह सर्व जीवांच्या जीविताची त्याला आस्था होती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एखाद्या यादीत काय आहे याइतकेच तीत काय नाही हेही पाहावे लागते, याचा हा उत्तम नमुना होय. ज्या यादीत एक पशू पवित्र आणि बाकीचे नगण्य असतात तिच्यापेक्षा ही यादी मुळातच वेगळी आहे. तिच्यात मुंगी, वटवाघूळ व साळिंदर आहेत. त्यांची पूजा कोणी करीत नाही, आणि त्यांच्या नावाने माणसाला अस्पृश्यही ठरवीत नाही.

अशोकाच्या मनात हा बदल एकाएकी घडला नाही. पहिल्या शिलालेखात तो प्रांजळपणे सांगतो की पूर्वी त्याच्या स्वयंपाकघरात रोज लाखो प्राणी मारले जात. लेख लिहिला त्या वेळी ती संख्या दोन मोर व एक हरिण इतकी उरली होती, हरिणही नेहमी नव्हे, आणि पुढे तेही बंद करण्याचे आश्वासन त्याने दिले आहे. आठव्या शिलालेखात तो म्हणतो की पूर्वीचे राजे विहारयात्रा म्हणजे शिकारीच्या मोहिमा काढीत. त्याने मात्र अभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस, म्हणजे बोधगयेस जाऊन धम्मयात्रा सुरू केली. या आठव्या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा त्याच परिसरात १९५६ साली सापडला, आणि तेच आपल्या धम्मदीक्षेचे वर्ष. राजाने शिकार सोडल्याची वार्ता कोकणच्या बंदरावरील लोकांनी त्यांना समजेल अशा प्राकृतात ऐकली होती.

अशोकाला ही दृष्टी कोठून मिळाली हे पाहण्यासाठी विनयाकडे जावे लागते. वर्षावासाचा नियम कसा झाला ते महावग्गात नोंदले आहे. भिक्षू पावसाळ्यातही हिंडत असत. लोकांनी तक्रार केली की हे शाक्यपुत्रीय श्रमण हिरवे गवत तुडवितात, एकेंद्रिय जीवांना इजा करतात, बारीकसारीक प्राणी चिरडतात. इतर पंथांचे लोक पावसाळ्यात एका जागी राहतात, फार काय, पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटी बांधून पावसाळाभर स्थिर होतात! ही टीका भगवंतांनी मान्य केली आणि वर्षावास घालून दिला. येथे पाखरांचे निरीक्षण संघाने केलेले नाही. ते सामान्य लोकांनी केले असून संघाने ते त्यांच्याकडून शिकून घेतले आहे. आषाढी पौर्णिमेपासून आपण जो वर्षावास पाळतो त्याच्या मुळाशी कोणा शेतकऱ्याने पाहिलेले एक घरटे आहे, ही गोष्ट विहारांतील प्रवचनांतून क्वचितच सांगितली जाते.

संघानेही पुढे पाहणे शिकून घेतले. थेरगाथेत अजकरणी नदीच्या काठी राहणारे सप्पक थेर काळ्या मेघाला भिऊन आसरा शोधणाऱ्या पांढऱ्या बगळ्यांकडे पाहतात, बेडकांचे ओरडणेही ऐकतात, आणि ही जागा सोडून जाण्याचा हा काळ नव्हे असे ठरवितात. त्यात उपदेश जवळजवळ नाहीच, केवळ आनंद आहे. वैराग्य म्हणजे सृष्टीकडे पाठ फिरविणे असा ज्यांचा समज आहे त्यांनी थेरगाथा अवश्य वाचावी.

संयुत्तनिकायात ससाणा आणि लावा यांची गोष्ट आहे. आपल्या वडिलोपार्जित क्षेत्राबाहेर गेलेला लावा ससाण्याच्या तावडीत सापडतो. सुटून तो नांगरलेल्या शेतात, ढेकळांच्या जागी येतो, ढेकळावर उभा राहून ससाण्याला आव्हान देतो, आणि झडप अंगावर येताच ढेकळाआड सरकतो. ससाण्याची छाती ढेकळावर आदळते. चार स्मृतिप्रस्थाने हेच भिक्षूचे स्वतःचे क्षेत्र, असा तेथील उपदेश आहे. हे सुत्त वर्गात चालू असता आमचा एक विद्यार्थी उठून उभा राहिला. तो फासेपारधी समाजातला होता. लावा शेवटच्या क्षणापर्यंत उडत नाही, मातीच्या रंगात मिसळून ढेकळाच्या सावलीला दबून बसतो, आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, हे त्याने आम्हांस सांगितले. त्याच्या आजोबांना हे पोटासाठी शिकावे लागले होते. आम्ही पंधरा वर्षे हे सुत्त शिकवीत होतो आणि 'लाप' म्हणजे 'एक लहान पक्षी' एवढाच अर्थ सांगत होतो, हे येथे कबूल करावयास हवे.

आता वासेट्ठसुत्ताकडे येऊ. इच्छानंगल येथे वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुण ब्राह्मणांत वाद होतो. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? ते भगवंतांकडे येतात. उत्तर देताना भगवंत कोणत्याही ग्रंथाचा आधार घेत नाहीत आणि वेदांचे खंडनही करीत बसत नाहीत. ते सृष्टीकडे पाहावयास सांगतात. गवत व वृक्ष पाहा, मग किडे आणि पतंग, थेट मुंग्यांपर्यंत. लहानमोठे चतुष्पाद, पोटाने चालणारे लांब पाठीचे साप, पाण्यात वावरणारे मासे, पंख हेच ज्यांचे वाहन ती पाखरे. या सर्वांत 'जातिमय लिंग', म्हणजे जन्मजात खूण, नाना प्रकारची आहे. ती ते जीव स्वतः बोलून दाखवीत नाहीत, पाहणाऱ्याला ती दिसते. यानंतर दृष्टी माणसाकडे वळते. केस, मस्तक, कान, डोळे, तोंड, नाक, ओठ, भुवया, मान, खांदे, पोट, पाठ असा एकेक अवयव घेतला जातो, आणि त्यांत कोठेही तशी खूण नाही असा निर्णय दिला जातो. माणसामाणसांतील भेद हा केवळ व्यवहारातील संज्ञेचा, 'समञ्ञे'चा आहे. जो शेती करतो तो शेतकरी, व्यापार करतो तो व्यापारी, चोरी करतो तो चोर, पौरोहित्य करतो तो पुरोहित. ब्राह्मण नव्हे!

या युक्तिवादाची ताकद त्याच्या क्रमात आहे. भगवंतांनी माणसापासून सुरुवात केली असती तर समोरच्या तरुणांनी लगेच शास्त्रे काढली असती. पण मुंगी आणि मासा यांच्याविषयी शास्त्रार्थ कोण करणार? तेथे डोळे हेच प्रमाण. भेद पाहण्याची दृष्टी एकदा मुंगीवर, सापावर, पाखरावर तयार झाली की तीच दृष्टी माणसावर वळवावयाची. जो भेद असता तर तिला दिसलाच असता, तो तेथे नाही. ज्याने किड्यामुंगीतला फरक कधी नीट पाहिलाच नाही, त्याने 'सर्व माणसे सारखी' म्हणणे ही सदिच्छा झाली. ज्याने तो पाहिला आहे त्याचे तेच वाक्य पुरावा ठरते. 'जाति' हा शब्द ज्याला खरोखर शोभतो ते ठिकाण सुत्ताने दाखवून दिले, आणि ज्या ठिकाणी तो बळेच बसविला होता तेथून तो काढून घेतला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या न झालेल्या भाषणात हीच भूमिका अर्वाचीन मानववंशशास्त्राच्या आधारे मांडली. पंजाबचा ब्राह्मण व पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, जातिभेद हा वंशभेद नव्हे, असे त्यांनी दाखविले.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. वासेट्ठसुत्तात आधुनिक जीवशास्त्र शोधण्याचा मोह काही लेखकांना होतो. आम्हांस तो मान्य नाही. उत्क्रांतीची कल्पना त्यात नाही, आणि गवतापासून पाखरापर्यंतचे वर्गीकरणही डोळ्यांना दिसते तेवढेच आहे. ते पुरेसे आहे. तथागतांना डार्विनचे प्रशस्तिपत्र लागत नाही.

प्रामाणिकपणे पाहिले तर या परंपरेत एक अस्वस्थ करणारी बाजूही आहे. पाखरांचे व माशांचे सर्वांत सूक्ष्म ज्ञान ज्यांना होते ते पारधी, फासे लावणारे आणि कोळी. 'नेसाद', म्हणजे पारधी, हे कूळ तर चांडाल, वेण, रथकार व पुक्कुस यांच्या बरोबरीने हीन म्हणून सुत्तांत मोजले गेले आहे. ती गणना तत्कालीन समाजाची होती, हे खरे. संघाने अशांना प्रवेश दिला, हेही खरे. यसोज थेर हे श्रावस्तीच्या वेशीजवळील कोळ्यांच्या प्रमुखाचे पुत्र होते, असे अट्ठकथा सांगते. तथापि मज्झिमनिकायात ज्या दोन भिक्षूंची मिथ्यादृष्टी विस्ताराने नोंदली आहे, त्यांतील साति हा 'केवट्टपुत्त' म्हणजे कोळ्याचा मुलगा आणि अरिट्ठ हा पूर्वी गिधाडे पकडणारा होता, असे संकलनकर्त्यांनी आवर्जून लिहून ठेवले आहे. चुकलेल्याच्या व्यवसायाची आठवण त्यांना नेमकी येथेच का व्हावी? आमच्या मते येथे सुत्त वासेट्ठाच्या कसोटीस पूर्णपणे उतरत नाही, आणि हे आपणच म्हटले पाहिजे.

हाच प्रश्न अशोकाच्या आज्ञेलाही विचारावा लागतो. १९५८ साली कंदहार येथे सापडलेल्या ग्रीक व अरेमाइक लेखात राजाच्या शिकाऱ्यांनी व कोळ्यांनी शिकार सोडल्याचे समाधानाने सांगितले आहे. त्यांनी पुढे काय खाल्ले, ते लेखात नाही. तेराव्या शिलालेखात अटवीतील लोकांना तर पश्चात्तापाबरोबर राजाच्या सामर्थ्याचीही जाणीव करून दिली आहे. मात्र पाचव्या स्तंभलेखाच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की त्याने मासेमारी बंद केली नाही, तिचे काही दिवस वर्ज्य केले. खाण्याच्या व उपयोगाच्या पशूंना आज्ञेबाहेर ठेवले. आणि ज्ञानामुळे वा धंद्यामुळे कोणालाही जन्मतः अपराधी ठरविले नाही. ते काम १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने केले, आणि आमच्या त्या विद्यार्थ्याच्या पणजोबांना त्याची झळ पोहोचली होती. तो कायदा १९५२ साली गेला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा पाखरांचे रक्षण झाले हे चांगलेच झाले, पण ज्यांना ती पाखरे ओळखता येत होती त्यांना त्या रक्षणात सन्मानाचे काम मिळावे, हा विचार मागे राहिला.

विदर्भातील वाचकांसाठी एक माहिती येथे जोडतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात देवटेक येथे एक शिळा मिळाली असून ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात नेण्यात आली. तिच्यावरील प्राचीन ब्राह्मी लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाचला. चिकंबरी येथे प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी ती एका 'सामी'ची आज्ञा आहे, आणि लेखात चौदावे वर्ष आहे. मिराशींच्या मते ती अशोकाच्या धर्ममहामात्राने काढलेली असावी. त्याच शिळेवर सुमारे सहा शतकांनी वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याचा लेख कोरला गेला. १४ ऑक्टोबरला किंवा अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या बांधवांपैकी फार थोडे संग्रहालयाकडे वळतात.

आम्ही सध्या विद्यार्थ्यांसह पाचव्या स्तंभलेखातील प्रत्येक नावापुढे मराठी बोलींतील नाव लिहिण्याचे काम करीत आहोत. वऱ्हाडी, झाडीबोली, अहिराणी, मालवणी, आगरी, तसेच पारधी, गोंड, कोरकू व वारली बांधवांच्या बोली यांतील नावे हवी आहेत. मुंगी, वटवाघूळ, साळिंदर, कासव व कबूतर यांच्या पोटप्रकारांची नावे विशेष उपयोगी पडतील. घरातील वृद्धांना विचारून, नाव कोणत्या गावचे आणि तो जीव कोठे व कोणत्या ऋतूत दिसतो एवढे लिहून, वाचकांनी ती संस्थेच्या पत्त्यावर पाठवावीत.